अकरा नंबरची वाचक

मी संगणकावर लिहिलेलं पहिलं पान उघडलं तेव्हा पडद्यावर आलं ते मीच लिहिलेलं, कंस आणि अर्धविरामांसकट, जसंच्या तसं. मला वाटलं होतं, त्या ओळींच्या जागी आमच्या वाचनालयाचं नाव ठळक अक्षरांत दिसेल. मी फाईल बंद केली, पुन्हा उघडली. तेच. शेवटी भिंतीपलीकडे हाक मारली.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची सून राहते. नांदेडला संगणकाची पदवी घेऊन ती लग्न होऊन आमच्या गावात आली, त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. तिचा धाकटा शाळेत जायला लागला आणि तिच्या दुपारी मोकळ्या झाल्या. मी तिला सूनबाई म्हणतो. ती येऊन पडद्याकडे बघत उभी राहिली आणि हसू दाबून म्हणाली, "काका, तुमी फाईलवर दोनदा टिचकी मारून उघडली. असं चालत न्हाई. पीएचपी भाषेतलं पान सर्व्हरकडून मागून घ्यावं लागतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा. वाचनालयाच्या खिडकीतून हात घालून पुस्तक काढलं, तर काकू देत होत्या का?"

"हात मोडला असता."

"मग. टेबलापाशी यायचं, मागायचं, त्या काढून देणार. सर्व्हर म्हंजे काकू."

तिनं फाईल उचलून योग्य त्या फोल्डरमध्ये ठेवली, सर्व्हरची दोन बटणं चालू केली, एक पानांचं आणि एक डेटाबेसचं, आणि ब्राउजरमध्ये वर पत्ता टाकला. वाचनालयाचं नाव आलं. काकू हा शब्द त्या घरात बरेच महिने इतक्या सहज कुणी उच्चारला नव्हता. मला बरं वाटलं.

काकू म्हणजे माझी पत्नी. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, मी हायस्कूलात इतिहास शिकवत होतो. आमचं गाव कुरुंद्यापासून फार लांब नाही. भोवती सगळी हळद. निवृत्त झाल्यावर तिनं ग्रामपंचायतीची एक रिकामी खोली मागून घेतली आणि तिथं वाचनालय सुरू केलं. पुढं आठ वर्षं ते तिनं एकटीनं चालवलं. गावात सगळे तिला बाई म्हणायचे.

प्रत्येक वाचकाचं एक जाड कार्ड होतं. वर नंबर, नाव, आणि खाली कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी परत आलं. तिचे काही नियम होते. एक, हळद काढणं आणि शिजवणं चालू असेल तेवढे दिवस परतीची तारीख नाही. पुस्तक हळद झाल्यावर आणायचं. अशी पुस्तकं परत यायची तेव्हा पानांच्या कोपऱ्यांवर पिवळे अंगठे असायचे. ती ते पुसायची नाही. म्हणायची, कुठपर्यंत वाचलं ते कळतं. दुसरा नियम, वाचकाचा नंबर बदलत नाही. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचं कार्ड राहायचं, माहेरपणाला आली की लागतं म्हणून. कुणी वारलं, तर कार्ड मोठ्या डब्यातून निघून लहान डब्यात जायचं आणि तो नंबर पुन्हा कुणालाही मिळायचा नाही. आणि तिसरं म्हणजे तिचं स्वतःचंही कार्ड होतं. पहिल्या दिवशी दहा वाचक आले, त्यांना दहा नंबर देऊन मग तिनं स्वतःला अकरावा घेतला. पुस्तक घरी आणताना ती त्यावर नोंद करायची. मी एकदा चिडवलं होतं, किल्ली तुझ्याकडे, खोली तुझ्याकडे, कार्ड कशाला? ती म्हणाली, किल्ली माझ्याकडे आहे म्हणून पुस्तकं माझी होत नाहीत.

गेल्या माघात ती गेली. तेराव्यानंतर मी मोठ्या डब्यातून अकरा नंबरचं कार्ड काढलं आणि न वाचता, पाठमोरं, लहान डब्यात ठेवलं. वाचनालयाला कुलूप लागलं.

पावसाळ्यानंतर डब्यांच्या तळाशी वाळवी दिसली. तेव्हा वाचनालयाची जी कागदोपत्री समिती होती तिला मी सांगितलं की वर्षश्राद्धाच्या दिवशी खोली पुन्हा उघडू, आणि तोवर सगळी कार्डं मी संगणकावर चढवतो. पुण्याहून मुलानं त्याचा जुना लॅपटॉप पाठवलेला होता. मला त्यातलं पत्रं टाईप करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण तिनं आठ वर्षं लिहिलेलं वाळवीच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही आणि त्या दिवशी गावासमोर ते जसंच्या तसं उभं करायचं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. हाती तीन-साडेतीन महिने होते.

शिकण्यातला माझा वेग बैलगाडीचा. सूनबाई रोज दुपारी तासभर यायची. तिनं डेटाबेसमध्ये तीन तक्ते करून दिले: वाचक, पुस्तकं आणि देवघेव. वाचकाच्या तक्त्यात नंबर आणि नाव. पुस्तकांच्या तक्त्यात पुस्तकाचा नंबर आणि नाव. देवघेवीत फक्त नंबर: कोणत्या नंबरच्या वाचकानं कोणत्या नंबरचं पुस्तक नेलं, कधी, आणि परत कधी. "नाव एकाच जागी ठेवायचं," ती म्हणाली. "बाकी सगळीकडं नंबर." मला ते पटलं. कार्डांवर पण तसंच होतं.

पहिला आठवडा मी पुस्तकांची नावं भरली आणि दिमाखात यादी काढली. दीडशे ओळी, सगळ्या प्रश्नचिन्हांच्या. एक देवनागरी अक्षर नाही. मी इतिहासाचा मास्तर. मोडी वाचतो, शिलालेखांचे ठसे वाचतो, पण हे वाचता येईना. सूनबाईनं कपाळाला हात लावला. तक्ता करताना अक्षरांचा संच चुकीचा निवडला गेला होता, मराठी अक्षरं त्यात मावत नव्हती, म्हणून यंत्रानं प्रत्येकाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं.

"आता बदलून टाक की संच."

"बदलते. पण जी अक्षरं गेली ती आता येत न्हाईत, काका. यंत्राला ती आठवतच न्हाईत."

दीडशे ओळी पुन्हा भरल्या. तिनं तक्त्याचा संच बदलला आणि जोडणीच्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली, पानानं डेटाबेसशी बोलतानासुद्धा तोच संच वापरावा म्हणून. दोन्ही टोकांना सारखंच हवं. एका टोकाला असून भागत नाही.

मग गिरणीवाल्याचं प्रकरण झालं. त्याच्या कार्डावरची, विहिरीच्या मोटारीवरच्या पुस्तकाची नोंद मी चाचणी म्हणून चढवली आणि ती झाली की नाही हे बघायला पान ताजं केलं. खात्री वाटेना म्हणून आणखी एकदा. यादीत गिरणीवाल्यानं तेच पुस्तक एकाच दिवशी तीनदा नेलेलं दिसलं. पान ताजं केलं की ब्राउजर शेवटचा भरलेला अर्ज पुन्हा पाठवतो, हे मला काय ठाऊक. नोंद झाली की लगेच दुसऱ्या पानावर पाठवून द्यायचं, हा त्यावरचा उपाय. तो केला तर "हेडर आधीच गेलं आहे" असा काहीतरी आरोप पडद्यावर आला. दुसरीकडं पाठवण्याआधी पानातून काहीही बाहेर गेलेलं चालत नाही, आणि फाईलच्या अगदी वर, पहिल्या खुणेच्या आधी, माझ्या हातून एक रिकामी ओळ राहिली होती. ती शोधण्यात दोन दुपारी गेल्या. रिकामी ओळ दिसत नाही, एवढीच तिची खोडी.

या दुपारी सुखाच्या होत्या. वर्षभराच्या आत असं म्हणणं बरं दिसत नाही हे मला कळतं, पण होत्या. चूक सापडली की सूनबाई टेबलावर हात आपटायची आणि पलीकडून तिच्या सासूबाईंचा आवाज यायचा, "काय वो भाऊजी, माझ्या सुनंला नोकरीला ठेवलं का काय?"

"नोकरीला मी आहे, वहिनी. साहेब ती आहे."

"मंग साहेबाला म्हणा, कुकरची तिसरी शिट्टी झाली."

मार्गशीर्षापर्यंत पुस्तकं झाली. वाचकांची नावं मी भरली, मोठ्या डब्यातली सगळी, कार्डावरच्या नंबरानं. देवघेवीच्या ओळी हजारांवर होत्या. त्या आम्ही वाटून घेतल्या. सूनबाई म्हणाली, पहिल्या पन्नास नंबरांची कार्डं मी नेते, पुढची तुमी करा. आणि लहान डबाही तिनं नेला. मी काही विचारलं नाही.

वाचकांची यादी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा आठ, नऊ, दहा आणि त्याखाली थेट बारा होतं. पुढंही असे खाडे होते, एकवीसच्या पुढं, चाळिसाच्या आसपास. ते मला दिसले नाहीत. दहाखाली बारा तेवढं दिसलं. त्यानंतर ती यादी उघडली की मी झटकन खाली सरकवायचो.

समितीचे अध्यक्ष एकदा बघायला आले. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेले, कागद नीट असावा हा त्यांचा बाणा. छापलेली यादी चष्म्याजवळ धरून त्यांनी विचारलं, "सर, अनुक्रमांक असे तुटक काहून हायेत? वरचे लोक विचारतील. यादी कशी, सलग पाहिजे."

मी म्हणालो, "करतो सलग."

त्यांच्या सांगण्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. खरं म्हणजे मला ते आत कुठंतरी हवंच होतं. सलग यादीत दहाच्या खाली अकरा आला असता आणि मला रोज खाली सरकवावं लागलं नसतं. सूनबाई चार दिवस माहेरी, आखाडा बाळापूरला गेली होती. मी इंटरनेटवर शोधलं. हा प्रश्न जगातल्या पुष्कळ नवशिक्यांना पडलेला दिसला: मधले रिकामे नंबर कसे भरायचे? जाणकारांनी खाली लिहिलं होतं, भरू नका. पण कुणीतरी दोन ओळींचा उपायही दिलेला होता. मी त्या दोन ओळी उतरवल्या, तक्त्याचं नाव बदललं, बटण दाबलं. एका क्षणात दहाच्या खाली अकरा आला. यादी सलग झाली, स्वच्छ. मी चहा करून घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी खोली उघडून समितीला आणि चार वाचकांना चाचणी दाखवायची ठरली होती. सूनबाई त्या सकाळीच परतली आणि थेट तिथं आली. अध्यक्षांचा नंबर तीन. त्यांचं पान बरोबर आलं. ते खूश झाले. "आता या गिरणीवाल्याचं काढा बघू."

मी नाव टाकलं. गिरणीवाल्याचं नाव आलं आणि खाली त्यानं नेलेली पुस्तकं: बाळंतिणीचा आहार. भरतकामाचे सोपे टाके. तान्ह्या बाळाची मालीश.

सगळ्यांनी यादी पुन्हा वाचली. मग अध्यक्ष म्हणाले, "काय राव, दळता दळता टाके बी घालून राहिला का?"

"माझ्या सात पिढ्यांत कुणी सुई धरली न्हाई," गिरणीवाला म्हणाला.

"मंग मालीश कुणाची केली?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो असेन, पण नाव पुन्हा टाकून बघितलं; तेच आलं. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. "काका, वाचकाचे नंबर बदलले का?"

"सलग केले."

"आन देवघेवीतले?"

देवघेवीतले कुठले बदलणार. वाचक सरकले होते आणि त्यांची पुस्तकं जुन्या नंबरावरच उभी होती. दहाच्या पुढचा प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला होता.

तेवढ्यात एक म्हातारी बाई पुढं आली. हळदीच्या वावरात रोजानं जाणारी. साठी ओलांडल्यावर या खोलीतल्या दुपारच्या वेळात माझ्या पत्नीकडून ती अक्षरं शिकली. ती सर्वांत आधी लिहायला शिकली तो तिचा नंबर, बारा. तिच्या कार्डावर सहीच्या जागी सगळीकडे १२ आहे. आधी थरथरता, पुढं पुढं ठाम. "माझं दाखवा, गुरुजी," ती म्हणाली. कळफलकावर एक आणि दोन तिनं स्वतःच्या बोटानं दाबलं.

दुसऱ्याच कुणाचं नाव आलं.

"हे कोण? बारा म्या हाय."

मी नावानं शोधलं. तिचं नाव आलं, शेजारी नंबर अकरा, आणि खाली पुस्तकांची यादी. ती संपेना. मी खाली खाली जात होतो. प्रवासवर्णनं, शेतीचा इतिहास, आत्मचरित्रं, मुलांच्या गोष्टी, पुन्हा आत्मचरित्रं. म्हातारी एकेक शब्द जोडत वाचत होती.

"इतकी पुस्तकं म्या कवा वाचली?" मग ती थांबली. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. "ही गोष्ट बाईनं सांगितली होती मला. ही बाईनं वाचलेली हायेत." ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, बाईच्या जागेवर मला काहून बसवलं?"

मी यादी पुन्हा वर, तिच्या नावापर्यंत नेली.

"म्या न्हाई बसायची तिथं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बाईनं मला बारा दिलाय."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. अनुक्रमांकाबद्दल ते त्यानंतर कधी काही बोलले नाहीत.

सगळे गेल्यावर सूनबाई म्हणाली, "लहान डब्यातली कार्डं बी मी चढवली होती. काकूंनी लिवलं होतं, म्हणून टाकलं. तुमाला बोलले न्हाई." मग तिनं विचारलं, "जुनी प्रत ठेवली होती का हो?"

"नाही."

"वाचकांच्या तक्त्याची?"

"कशाचीच नाही."

तिनं पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तेव्हापासून रोजचं काम संपलं की मी सगळ्या तक्त्यांची प्रत त्यावर घेतो. देवासमोर दिवा लावायच्या आधी.

वर्षश्राद्धाला बारा दिवस उरले होते. देवघेव शाबूत होती, कारण तिला मी हात लावला नव्हता. बिघडला होता तो वाचकांचा तक्ता, आणि तो पुन्हा उभा करायला एकच आधार होता, कार्डं. मी तो तक्ता रिकामा केला आणि एक नंबरपासून बसलो. या वेळी दोन्ही डबे माझ्यापुढं होते. सूनबाईनं तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. "वारलेल्याला वगळायचं न्हाई काका, खूण करायची. रोजच्या यादीत दिसणार न्हाईत, पण आपल्या नंबरावर राहतील."

दहा झाले. मी लहान डब्यातून अकरावं कार्ड काढलं आणि सुलट केलं. तिचं अक्षर. नाव लिहिलं, नंबर लिहिला, नव्या रकान्यात खूण केली. कार्डाच्या पाठीमागं जोडलेल्या पुरवणी कागदांवरच्या ओळी मी सगळ्या वाचल्या; त्यातली बरीच पुस्तकं तिच्या हातात मी बघितली होती, काही नव्हती. शेवटच्या ओळीत पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. नेल्याची तारीख होती. परतीची जागा कोरी.

ते पुस्तक कुठं आहे हे मला ठाऊक होतं. तिच्या उशाच्या फळीवर, वर्षभर. मी ते घरचं समजत होतो.

आठव्या दिवशी वाचक पूर्ण झाले. सूनबाईनं शेवटचं एक काम केलं, जे आधीच करायला हवं होतं असं ती म्हणाली: वाचक आणि देवघेव या दोन तक्त्यांना तिनं नात्यानं बांधलं. मग खुर्ची माझ्याकडं सरकवली. "आता अकरा नंबर पुसून बघा."

"कशाला उगीच?"

"बघा तर."

मी आधी प्रत घेतली. मग आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टीत मजकूर आला. ही ओळ पुसता येणार नाही. हिच्यावर दुसऱ्या तक्त्यातल्या ओळी अवलंबून आहेत. तीन महिन्यांत अशा लाल पट्ट्या मी शेकड्यानं बघितल्या होत्या आणि प्रत्येक वेळी वैतागलो होतो. ही मी बराच वेळ बंद केली नाही.

"नंबर बदलून बघू का?" मी विचारलं.

"ते बी देणार न्हाई," ती म्हणाली.

वर्षश्राद्धाचं जेवण उरकल्यावर दुपारी खोली उघडली. गावात हळद शिजवायच्या कढया चढल्या होत्या, त्यामुळे माणसं बेताचीच आली, काही हात न धुता. गिरणीवाल्यानं सर्वांसमोर स्वतःचं पान काढायला लावलं. विहिरीची मोटार, एकदाच. "बघा," तो म्हणाला, "बराबर हाय."

मी पिशवीतून पक्ष्यांचं पुस्तक काढलं. अकरा नंबर टाकला, शेवटच्या ओळीत आजची तारीख भरली, पुस्तक टेबलावर ठेवलं. रांगेत मागं बारा नंबरची वाचक होती. तिनं ते उचलून चाळलं. चित्रं मोठी होती, खाली नावंही मोठ्या अक्षरांत.

"हे म्या नेऊ का?"

मी नोंद केली. पानानं आपोआप परतीची तारीख दाखवली, पंधरा दिवसांनंतरची. तसं मीच लिहून ठेवलेलं होतं.

"कवा आणायचं?" तिनं विचारलं. तिचे अंगठे पिवळे होते.

"हळद झाल्यावर," मी म्हणालो, आणि पंधरा दिवसांची ती ओळ बदलायची म्हणून कागदावर टिपून ठेवली.